घरांतील कुत्र्यांचीं भांडणें

पुण्यांतील पुष्कळशा बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी आपण वाचली असेल. ही पाटी बाहेरून येणाऱ्यासाठीं असते. परंतु घरांत एकाहून अधिक कुत्रीं असलीं आणि त्यांचें एकमेकांशीं पटेनासें झालें, म्हणजे तीच पाटी फाटकाच्या आंतल्या बाजूस लावावी असें घरच्याच माणसांना वाटूं लागतें. माझ्या घरीं सुमारें सात महिने अशी स्थिति होती. मी कांहीं पशुवैद्य नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलेला आणि आतां निवृत्त झालेला एक साधा शाळामास्तर आहें. तथापि त्या सात महिन्यांत ज्या चुका मीं केल्या आणि जाणत्या डॉक्टरांकडून जें शिकलों, तें सांगितल्यानें एखाद्या मुक्या जीवावर घर सोडण्याची पाळी येणार नाहीं, या आशेनें आज आपणांपुढें बोलत आहें.

हकीकत थोडक्यांत अशी. आमच्याकडे मोत्या नांवाचा एक गांवठी कुत्रा आठ वर्षें होता. एका पावसाळ्यांत फाटकाशीं कुडकुडत बसलेलें पिल्लूं म्हणून तो आला आणि घरचाच झाला. पुढें माझ्या मुलानें अल्सेशियन, म्हणजेच जर्मन शेफर्ड, जातीचें एक पिल्लूं आणलें. त्याचें नांव शेरू. पहिलें वर्ष अगदीं गोडीगुलाबीनें गेलें. शेरू मोत्याचे कान ओढी, शेपटीस झोंबे, आणि मोत्या वडीलकीच्या नात्यानें तें सारें सहन करी. शेरूस तेरावा महिना लागला, त्याचें वजन ३४ किलो, म्हणजे मोत्याच्या जवळजवळ दुप्पट झालें, आणि घरांतील वारें फिरलें. व्हरांड्याच्या अरुंद वाटेंत दोघे समोरासमोर आले कीं गुरगुर सुरू होई. एके दिवशीं सायंकाळीं दोघांची खरोखरीच जुंपली. मोत्याचा कान फाटून त्याला सहा टांके पडले, आणि सोडवावयास गेलेल्या माझ्या हातांत दांत रुतले. ते कोणाचे, हें मला आजतागायत ठाऊक नाहीं. त्या रात्रीं आमच्या मंडळींनीं शांतपणें सांगितलें, “अहो, दिवाळीला नातवंडं यायचीं आहेत. तोंवर हें थांबलं नाहीं, तर शेरूला दुसरं घर बघा.”

दुसऱ्या दिवशीं हातास पट्टी बांधून मी बागेंत फिरावयास गेलों. तेथील आमच्या स्नेह्यांनीं मला तीन सल्ले दिले. एक म्हणाले, “मास्तर, खच्ची करून टाका. आठ दिवसांत गरीब गाय होईल.” दुसरे म्हणाले, “मालक कोण हें एकदां दाखवून द्या. उताणा पाडा आणि मानगूट धरून ठेवा.” तिसरे म्हणाले, “लढूं द्या त्यांना. राजा कोण तें ठरलं कीं आपोआप गप्प होतील.” हे तीनहि सल्ले आपल्याकडे घरोघर दिले जातात. म्हणून त्यांचा एकेक करून विचार करूं.

पहिला सल्ला खच्ची करण्याचा. ही क्रिया आपल्या शेतकऱ्यास नवी नाहीं. मस्तवाल खोंडाचा कामसू बैल होतो तो हिच्याच योगानें. शहरांत मात्र तिला ‘नसबंदी’ म्हणण्याची चाल आहे आणि त्या शब्दानें थोडा घोंटाळा होतो. माणसाच्या नसबंदींत बीज वाहून नेणाऱ्या नळ्या तेवढ्या बंद करतात. वृषण जागच्या जागीं राहतात आणि त्यांचा अंतःस्रावहि पूर्ववत् चालतो. कुत्र्याच्या बाबतींत सहसा दोन्ही वृषणच काढून टाकतात. मादीचे दोन्ही अंडाशय आणि पुष्कळदां त्यांबरोबर गर्भाशयहि काढतात. त्यामुळें केवळ प्रजोत्पत्ति थांबते असें नव्हे, तर नराच्या अंगीं नरपण आणणारा टेस्टोस्टेरॉन नांवाचा जो स्राव, तोहि एक-दोन दिवसांतच रक्तांतून जवळजवळ नाहींसा होतो. मात्र नळ्यांत उरलेल्या बीजामुळें शस्त्रक्रियेनंतरहि कांहीं आठवडे तो नर पिल्लांचा बाप होऊं शकतो, हें ज्यांच्या घरीं मादीहि आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां प्रश्न असा कीं, हा स्राव गेला म्हणजे कुत्र्याचें वागणें कितपत बदलतें? अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं अशा ५७ नर कुत्र्यांची पाहणी करून ती १९९७ सालीं प्रसिद्ध केली. घरांत जागोजाग लघवीच्या खुणा करणें, दिसेल त्यावर चढणें आणि घर सोडून भटकणें या तीन खोडींत शेंकडा ६० किंवा त्याहूनहि अधिक कुत्र्यांची खोड निदान निम्म्यानें कमी झालेली आढळली. परंतु ज्या इतर तक्रारी होत्या, त्यांत घरच्या दुसऱ्या कुत्र्यावर धांवून जाणें हीहि एक होती. या तक्रारींत एवढी सुधारणा शेंकडा ३५ हूनहि कमी कुत्र्यांत दिसून आली. आणखी एक गोष्ट त्याच पाहणींत आढळली. शस्त्रक्रियेच्या वेळीं कुत्र्याचें वय किती होतें किंवा खोड किती जुनी होती, याचा आणि गुण येण्याचा कांहीं संबंध दिसला नाहीं. म्हणजे वाट पाहिल्यानें गुण येण्याचें राहून जातें असें नाहीं.

याचें कारण विचार केल्यास सहज कळण्यासारखें आहे. मादीच्या वासावर दूरवर जाणें, वाटेंत भेटलेल्या अनोळखी नरास आव्हान देणें हीं नरपणाचीं कामें होत. स्राव आटला कीं त्यांचा जोर ओसरतो. पण भाकरीच्या तुकड्यावरून होणारें भांडण, भीतीपोटीं केलेला हल्ला, दुखऱ्या अंगास धक्का लागला म्हणून मारलेला दांत, या गोष्टींत त्या स्रावाचा वांटा थोडा असतो. उलट, मुळांतच भित्रा असलेला कुत्रा खच्ची केल्यावर अधिकच बुजरा झाल्याचेंहि पाहण्यांत आलें आहे. म्हणून ‘माझा कुत्रा कशामुळें भांडतो?’ हा प्रश्न अगोदर सोडवावा आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा. गणितांत आधीं उत्तर लिहून मग उदाहरण वाचणारा विद्यार्थी जसा चुकतो, तसाच घाईनें शस्त्रक्रिया करणारा मालकहि चुकतो.

मोठ्या जातीच्या कुत्र्यांच्या बाबतींत वयाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. वाढत्या जनावराच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाड लांबीनें वाढतें तें या थरांतून. जनावर वयांत आलें म्हणजे शरीरांतील नर-मादीपणाचे स्राव या थरास जणूं ‘आतां पुरे’ अशी आज्ञा देतात, आणि तो थर हाडांत मिळून जातो. आज्ञा देणाराच जर लवकर काढून टाकला, तर हाडें वाजवीपेक्षां अधिक काळ वाढत राहतात आणि सांध्यांची ठेवण बिघडण्याचा संभव असतो. दहा किलोच्या कुत्र्यास याचा सहसा उपसर्ग होत नाहीं; परंतु ज्या सांध्यांवर पस्तीस-चाळीस किलोंचा भार जन्मभर पडावयाचा, त्यांना तो होतो. आपल्या दख्खनचा जुना शेतकरी मानेला आणि वशिंडाला भर आल्याशिवाय खोंड खच्ची करीत नसे. त्याला अंतःस्रावाचें शास्त्र अवगत नव्हतें, पण अंग भरेपर्यंत थांबावें हें त्यास अनुभवानें कळलें होतें.

ज्यांस आंकड्यांशिवाय समाधान वाटत नाहीं, त्यांच्यासाठीं आंकडेहि सांगतों. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयांत ११७० अल्सेशियन कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०१६ सालीं त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या नरांवर ही शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती, त्यांपैकीं शेंकडा ७ जणांस सांध्याचा कांहीं ना कांहीं विकार आढळला. ज्यांवर एक वर्षाच्या आंत झाली होती, त्यांत हेंच प्रमाण शेंकडा २१ होतें. माद्यांत ते आंकडे अनुक्रमें ५ आणि १६ होते. त्याच ठिकाणीं २०२० सालीं ३५ जातींचा अभ्यास पुरा झाला, आणि अल्सेशियनांपुरता तरी त्यांचा सल्ला दोन वर्षें पुरीं होईपर्यंत थांबावें असा पडला. हा नियम सर्व मोठ्या जातींना सरसकट लावतां येत नाहीं. ग्रेट डेनसारख्या प्रचंड कुत्र्यांत लवकर केलेल्या शस्त्रक्रियेनें सांध्यांचे विकार वाढल्याचें त्यांना दिसलें नाहीं. यासाठीं शेजाऱ्याच्या कुत्र्याचें वय न पाहतां आपल्या कुत्र्याची जात, लिंग व वजन सांगून पशुवैद्यासच विचारावें हें उत्तम.

शस्त्रक्रिया करूंच नये असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणीं घेऊं नये. मादीच्या गर्भाशयांत पू होण्याचा एक घातक रोग आहे. स्वीडनमधील विमा उतरविलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवरून असें दिसलें कीं, शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांपैकीं सुमारें चतुर्थांश माद्यांस दहा वर्षें वयाच्या आंत तो होतो. गर्भाशय व अंडाशय काढलेल्या मादीस त्याची धास्ती उरत नाहीं. ज्या नराचा एखादा वृषण पोटांतच अडकून राहिलेला असतो, त्याची शस्त्रक्रिया करणेंच हिताचें. कारण अशा वृषणांत गांठ होण्याचें भय अधिक. आणि नको असलेल्या पिल्लांचें पुढें काय होतें, तें आपण रस्त्यावर रोज पाहतोंच. म्हणून मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, शस्त्रक्रियेची योग्य कारणें पुष्कळ आहेत; घरांतील भांडण मिटविणें हें त्यांपैकीं सर्वांत लंगडें कारण आहे.

आतां दुसरा सल्ला : मालक कोण तें दाखवून द्या. या सल्ल्याच्या मुळाशीं एक जुनी समजूत आहे. १९४७ सालीं रुडोल्फ शेंकेल या शास्त्रज्ञानें स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयांतल्या लांडग्यांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. लहानशा आवारांत एकत्र कोंडलेले ते लांडगे सारखे झगडत, आणि त्या झगड्यांतून कोणी वरिष्ठ तर कोणी कनिष्ठ ठरे. यावरून लांडग्याचा कळप म्हणजे म्होरकेपणासाठीं चाललेली अखंड लढाई, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, आणि म्हणून घरच्या कुत्र्यापुढें मालकानें म्होरक्या बनलें पाहिजे, अशी विचारांची सांखळी लोकांनीं जोडली. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७० सालच्या आपल्या लांडग्यांवरील ग्रंथांत हीच कल्पना घेतली होती. पुढें १९८६ पासून त्यानें कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील एल्समिअर बेटावर रानांत मोकळे राहणारे लांडगे वर्षानुवर्षें जवळून पाहिले. त्याला आढळलें कीं, लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच : आई, बाप आणि त्यांचीं मुलें. आईबापांना घरांत मान असतो तो लढाई जिंकल्यामुळें नव्हे, तर तीं आईबाप असल्यामुळें. १९९९ सालीं त्यानें आपलें पूर्वीचें मत स्पष्टपणें बदलून तसा लेख प्रसिद्ध केला. स्वतःची चूक छापून कबूल करणारा विद्वान् दुर्मिळ. म्हणून त्याचें नांव मीं मुद्दाम घेतलें.

हें सारें मला मागाहून कळलें. त्या वेळीं मीं दुसरा सल्ला मानला, आणि तें सांगतांना मला लाज वाटते. शेरू मोत्याकडे पाहून गुरगुरला कीं मी त्याला उताणा पाडून त्याची मान दाबून धरीत असें. पंधरा दिवसांत त्याची गुरगुर बंद झाली. आपली मात्रा लागू पडली असें मी घरांत ऐटीनें सांगितलें. तिसऱ्या आठवड्यांत शेरूनें आवाज न करतां मोत्याच्या मानेला दांत लावले. आग लागल्याची घंटा ज्यानें काढून टाकली, त्यास आग विझविल्याचें समाधान मिळावें, तसें माझें समाधान होतें. गुरगुर ही कुत्र्याची ‘दूर राहा’ अशी विनवणी असते. तिला शिक्षा केली म्हणजे विनवणी जाते. राग व भय जागेवरच राहतात.

पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं १४० कुत्र्यांच्या मालकांकडून गोळा केलेली याची माहिती २००९ सालीं प्रसिद्ध केली. ज्यांनीं कुत्र्यास मारलें किंवा लाथ घातली, त्यांपैकीं शेंकडा ४३ जणांवर कुत्रा उलटला. ज्यांनीं त्यास उताणा पाडून दाबून धरलें, त्यांतील शेंकडा ३१ जणांचा अनुभव तोच. छडीच्या जोरावर शांत ठेवलेला वर्ग गुरुजींची पाठ वळतांच काय करतो, हें ज्यास तीस वर्षें पाहावयास मिळालें, त्याला हें कळावयास इतका वेळ लागावयास नको होता.

तिसरा सल्ला लढूं देण्याचा. हा कोंबड्यांच्या खुराड्यांतून आलेला आहे. नॉर्वेतील शेल्डेरुप-एबे या शास्त्रज्ञानें १९२१ च्या सुमारास दाखवून दिलें कीं, कोंबड्यांत कोणीं कोणास चोंच मारावी याचा एक क्रम ठरलेला असतो, आणि तो एकदां ठरला म्हणजे भांडणें कमी होतात. पण कोंबडीची चोंच आणि ३४ किलोच्या कुत्र्याचा जबडा यांत फरक आहे. दोन कुत्र्यांत वजनाचें अंतर मोठें असल्यास ‘एकदांच मनसोक्त’ झालेली लढाई शेवटचीहि ठरूं शकते. शिवाय प्रत्येक लढाईनें पुढच्या लढाईची संवय लागते. दोघांनाहि एकमेकांची चाहूल म्हणजेच धोक्याची सूचना वाटूं लागते.

‘वर्चस्व’ हा शब्दहि आपण सैलपणें वापरतों. शास्त्रज्ञांच्या भाषेंत तें एखाद्या प्राण्याच्या स्वभावाचें नांव नव्हे. दोघांच्या संबंधाचें नांव आहे, आणि तेंहि बहुधा एखाद्या वस्तूपुरतें. आमच्याकडे खाटेखालची थंड जागा मोत्याची, हें शेरू बिनतक्रार मानी. चेंडू शेरूचा, हें मोत्या मानी. मग राजा कोण? उत्तर असें कीं राजा कोणीच नाहीं. जेथें वांटणी ठरलेली आहे तेथें शांतता असते, आणि जेथें ती ठरलेली नाहीं तेथें भांडण होतें. एकाच घरांत भांडणाऱ्या कुत्र्यांच्या ३८ जोड्यांची एक पाहणी अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ३० जोड्या समलिंगी होत्या, आणि २६ जोड्यांत निदान एक मादी होती. म्हणजे ‘नर तेवढे भांडखोर’ ही समजूतहि खरी नाहीं. भांडणाचीं कारणें पाहावीं तर मालकानें एकाला जवळ घेणें, खाणें, कोणी आल्यामुळें उडालेली गडबड, आणि सांपडलेली एखादी वस्तु, हीं प्रमुख होतीं. या चारहि गोष्टी मालकाच्या हातच्या आहेत, हें लक्षांत घ्या.

मानेला दांत लागल्यावर मीं दोघांनाहि डॉक्टरांकडे नेलें. शेरूची शस्त्रक्रिया ताबडतोब करा, असें मीं त्यांस म्हटलें. डॉक्टरांनीं शेरूकडे पाहिलें आणि मोत्याला तपासावयास घेतलें. त्याच्या मागच्या पायांस हात लावतांच तो कण्हला. क्ष-किरणाच्या छायाचित्रांत त्याचे खुब्याचे दोन्ही सांधे झिजलेले दिसले. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, व्हरांड्यांत पहिल्यानं कोण गुरगुरतं, हें तुम्हीं कधीं पाहिलं आहे का?” मीं पाहिलें नव्हतें. दांडगट पोराचा धक्का आपल्या दुखऱ्या कमरेला लागेल या भयानें म्हातारा मोत्याच आधीं गुरगुरत असे, आणि शेरूचें उत्तर मोठ्या आवाजाचें असल्यामुळें तेवढेंच मला ऐकूं येई. ज्याचा आवाज मोठा त्यालाच बांकावर उभें करावयाचें, ही चूक मीं शाळेंत अनेकदां केली असेल. घरींहि मीं तीच केली होती. म्हणून कुत्र्याचें वागणें एकाएकीं बदललें, तर प्रथम त्याला कोठें दुखतें तें पाहावें. कान, दांत, सांधे, डोळे, यांतील दुखणें मुका प्राणी दांतांनींच सांगतो.

डॉक्टरांनीं मोत्याला वेदनाशामक औषध दिलें, शेरूची शस्त्रक्रिया दोन वर्षें पुरीं झाल्यावर करूं असें सांगितलें, आणि तोंपर्यंत घराची व्यवस्था बदलण्यास सांगितली. आपल्या दुखण्यावरील गोळ्या कुत्र्यास मात्र कोणीं मनानें देऊं नयेत; त्यांतील कांहीं त्याला विषासारख्या आहेत. ती व्यवस्था कशी होती तें सांगतों.

दोघांचें जेवण दोन खोल्यांत, दारें लावून; जेवण झाल्यावर भांडीं उचलून मगच दारें उघडावयाचीं. हाडूक किंवा चघळावयाची कोणतीहि वस्तु एकत्र असतांना द्यावयाची नाहीं. व्हरांड्याच्या अरुंद वाटेंत लांकडी आडफाटक बसविलें. मोत्याला खाटेखालीं जाड सतरंजी, आणि तेथें शेरूस मज्जाव. फाटकाची घंटा वाजली कीं शेरूनें आंतल्या खोलींत जाऊन बसावें, याचा दोन महिने रोज पाठ घेतला. बसला कीं भाकरीचा एक लहान तुकडा. लाड, खाऊ, बाहेर जाणें, सर्व कांहीं शांत बसल्यावरच, आणि हा नियम दोघांनाहि सारखा. सकाळीं दोघांना दोन माणसांनीं, दोन पट्ट्यांनीं, थोडें अंतर ठेवून एकाच वाटेनें फिरवावयाचें. कारण एका दिशेनें चालणारीं कुत्रीं समोरासमोर येत नाहींत. देखरेखीस कोणी नसेल तेव्हां दोघांत बंद दार.

एवढें करूनहि जुंपलीच, तर मध्यें हात घालूं नये. पाट, खुर्ची किंवा जाड घोंगडी दोघांच्या मध्यें सारावी, पाणी ओतावें, आणि वेगळीं होतांच निरनिराळ्या खोल्यांत न्यावीं. दांत लागलाच, तर तो घरच्या, टोंचलेल्या कुत्र्याचा असला तरी जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावी. लहान मुलांस कुत्र्यांजवळ, कितीहि विश्वासाचीं असलीं तरी, एकटें सोडूं नये.

दिवाळीपर्यंत व्हरांड्यांतील गुरगुर थांबली होती. नातवंडें आलीं आणि आठ दिवस राहून सुखरूप परत गेलीं. शेरू तेव्हां वीस महिन्यांचा होता आणि त्याच्या अंगास शस्त्र लागलेलें नव्हतें.

त्याची शस्त्रक्रिया पुढें दोन वर्षें पुरीं झाल्यावर झाली. तिचें कारण भांडण नव्हे. गल्लींतील माद्या माजावर आल्या कीं तो कुंपण ओलांडून जाई, आणि एकदां मोटारीखालीं येतां येतां वांचला. शस्त्रक्रियेनंतरचे दहा-बारा दिवस टांके चाटूं नयेत म्हणून गळ्याभोंवतीं नरसाळ्यासारखी पट्टी, धांवपळ बंद, आणि मोत्यापासून वेगळी खोली. दवाखान्याचा वास अंगास असलेल्या सोबत्यास घरचा कुत्रा कित्येकदां ओळखत नाहीं, हेंहि तेव्हां कळलें. पुढें त्याचें जेवण सुमारें चतुर्थांशानें कमी केलें. कारण या शस्त्रक्रियेनंतर अन्नाची गरज घटते, भूक मात्र वाढते, आणि लठ्ठपणानें सांध्यांवरचा भार वाढतो. भटकणें दोन-तीन महिन्यांत जवळजवळ थांबलें. झाडापाशीं पाय वर करणें तसेंच राहिलें. चेंडूवरील हक्कहि तसाच राहिला.

श्रोतेहो, आपल्या घरीं दोन कुत्रीं भांडत असतील, तर त्यांपैकीं राजा कोण हें ठरविण्याच्या नादीं लागूं नका. कोणास काय दुखतें, कशावरून जुंपते आणि पहिली गुरगुर कोणाची, या तीन गोष्टी आठवडाभर एका वहींत लिहून ठेवा आणि ती वही घेऊन पशुवैद्याकडे जा. शस्त्रक्रिया केव्हां करावी हें तो सांगेल. दारें केव्हां लावावीं आणि भांडीं कोठें ठेवावीं, हें आपणांसच पाहावें लागेल.

मोत्या आतां अकरा वर्षांचा आहे. हें भाषण लिहीत असतांना तो खाटेखालीं झोंपला होता, आणि आडफाटकाच्या पलीकडे शेरू चेंडू तोंडांत धरून मी केव्हां उठतों याची वाट पाहत होता.